घरच्या भेंडीचं बी दरवर्षी उशिरा लागतंय? लवकर आणि जास्त देणारी लाइन काढायची पूर्ण पद्धत

ठाणे-नवी मुंबईतले टेरेसवाले असोत नाहीतर शहापूर, मुरबाड, बदलापूरकडे तुकडा घेऊन वीकेंडला शेती करणारे असोत, तक्रार एकच येते, की घरचंच बी लावतोय पण भेंडी दरवर्षी उशिरा लागते आणि तोडे पण कमी मिळतात. मग म्हणतात माती बिघडली, पाणी खारं झालं, पाऊस लांबला. असेलही, पण आधी बी कुठल्या झाडाचं ठेवलं ते बघा.

होतं असं, की पहिल्या कोवळ्या भेंड्या आपण भाजीला तोडतो आणि हंगाम संपत आला की झाडावर राहून गेलेल्या जून भेंड्या बियाण्याला ठेवतो. लवकर सुरू झालेलं झाड तोपर्यंत दमलेलं असतं, शेवटी ज्यांच्यावर भेंडी शिल्लक असते ती बहुतेक उशिरा सुरू झालेली झाडं. वाण एकदम शुद्ध असेल तर याने फार फरक पडत नाही, पण घरचं बी शुद्ध राहतच नाही. भेंडी स्वतःच्याच परागावर फळते हे खरं, तरी मधमाश्या शेजारच्या वाणाचे पराग आणतात आणि थोडंफार मिश्रण दर पिढीला होतंच. त्या मिश्रणातून आपण दरवर्षी नकळत उशिराची झाडं निवडत जातो.

खालची पद्धत भेंडीसाठी आहे. टोमॅटो, मिरची, वांग्याला तत्त्व तेच, फुलावरचं काम थोडं वेगळं, ते मध्ये येईल तिथे सांगतो.

## ० : आधी कॅलेंडर, मग बी

बहुतेकांचं इथेच चुकतं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टच्या पावसात बियाण्याची शेंग झाडावर धड वाळत नाही, बुरशी धरते, आतलं बी काळं पडतं किंवा शेंगेतच मोड येतात. म्हणून पावसाळ्यात बी धरायचं नाही. पावसाळा ठेवायचा परीक्षेला, म्हणजे कुठली लाइन (एका निवडलेल्या झाडाच्या बियांतून पुढे चालवलेला वंश) किती देते ते मोजायला.

- फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा: पेरणी. मार्चच्या मध्याच्या आसपास फुलं, एप्रिल अखेर ते मेच्या सुरुवातीला वाळलेली शेंग. क्रॉस (दोन वाणांचा हाताने केलेला संकर) आणि बी दोन्ही कामं याच हंगामात.
- जून: अर्धं बी लावून फक्त उत्पन्न मोजायचं.
- ऑक्टोबरचा मध्य, पाऊस गेल्यावर: एक जास्तीची पिढी. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत भेंडी रेंगाळते, मुरबाड-बदलापूरकडे तर जास्तच, पण बी मिळतं.

सावधान: उन्हाळ्यात ४० दिवसांत फुललेलं झाड आणि थंडीत ५० दिवसांत फुललेलं झाड यांची तुलना करू नका. तापमानाने दिवस बदलतात. एकाच दिवशी पेरलेल्या, एकाच जागेतल्या झाडांचीच आपसात तुलना.

## १ : काय हवंय ते वहीत लिहा

‘लवकर आणि जास्त’ एवढं पुरत नाही. लवकर फुललेलं झाड कधी कधी लहानच राहतं आणि चार तोडे देऊन संपतं. म्हणून दोन आकडे वेगळे धरायचे, पहिल्या पाच तोड्यांचं वजन आणि पूर्ण हंगामाचं वजन. वाशीच्या मार्केटला माल पाठवणाऱ्याला पहिला आकडा जास्त महत्त्वाचा असेल, घरी खाणाऱ्याला दुसरा. तुमचा कुठला ते आत्ताच ठरवा, मध्येच बदललात तर तीन हंगाम फुकट.

त्याशिवाय दोन-तीन अटी टाका ज्यात तडजोड नाही: हळद्या (पानाच्या शिरा पिवळ्या पडतात तो, केवडा पण म्हणतात) लवकर येणारं झाड बाद, फार लव असलेली किंवा दोन दिवसांत दोरे धरणारी भेंडी बाद. बास, दहा अटी टाकल्या तर हातात एकही झाड उरत नाही.

## २ : सुरुवातीचं बी

पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ (म्हणजे संकराची पहिली पिढी) असेल तर त्याचं बी धरून तसंच पीक येणार नाही, पुढच्या पिढीत सगळे गुण फुटतात, कोणी उंच, कोणी बुटकं, कोणी लवकर, कोणी उशिरा. लोक याला ‘कंपनीने फसवलं’ म्हणतात, फसवलेलं काही नसतं. आणि गंमत म्हणजे आपल्याला निवड करायला हे फुटणंच हवं असतं! चांगल्या संकरित भेंडीची दुसरी पिढी लावून त्यात निवड करणं हा क्रॉस न करता सुरू करायचा सरळ रस्ता आहे, ज्याला फुलावर चाकू चालवायचा कंटाळा आहे त्याने तिथूनच सुरू करावं आणि टप्पा ५ गाळावा.

क्रॉस करणार असाल तर दोन्ही बाजूला सुधारित किंवा जुनं स्थिर वाण घ्या, एक लवकर येणारं आणि एक भरपूर देणारं. परभणी क्रांती, अर्का अनामिका ही सरळ वाणं आहेत, यांचं बी धरता येतं. हळद्याला टिकाव धरणारी म्हणून ती निघाली, त्यामुळे एक पालक यातला घेतला तर वाईट नाही, पण आता सगळीकडे ती पूर्वीइतकी टिकतातच असं धरून चालू नका, आपल्या जागेत बघा.

रानभेंडीशी क्रॉस करायच्या फंदात सुरुवातीला पडू नका. वरची दोन्ही वाणं रानटी जातीशी संकर करूनच आली, पण त्या संकराची पहिली पिढी बहुतेक वांझ निघते आणि पुन्हा पुन्हा भेंडीशी जोडत न्यावी लागते, ते संस्थेचं काम.

तपासा: १० बिया ओल्या कागदात गुंडाळून ठेवा, ७-८ पेक्षा कमी उगवल्या तर ते बी निवडीच्या प्लॉटला वापरू नका. उगवण मागेपुढे झाली की लवकरपणाचा हिशोबच चुकतो.

## ३ : लावणी, सगळ्यांना सारखं

निवडीत सगळ्यात मोठी फसवणूक जागेची. बांधाच्या कडेचं झाड, ड्रिपच्या गळक्या जॉइंटजवळचं झाड, शेणखताचा ढीग होता त्या जागेवरचं झाड ही नेहमी भारी दिसतात आणि लोक नेमकी त्यांनाच रिबन बांधतात. ते गुण जागेचे, बियांत ते उतरत नाहीत.

1. बी रात्रभर भिजवून एकाच दिवशी पेरा, ४५ × ३० सेंटिमीटरवर. जास्त झाडं बसवायच्या नादात दाटी करू नका.
2. एका जागी दोन बिया, दहा दिवसांनी एक ठेवा. ठेवताना ‘जोरदार’ रोप नाही, सगळीकडे मधल्या आकाराचं ठेवा.
3. चारी बाजूंनी एक ओळ जास्तीची, ती मोजायची नाही, भाजीला वापरायची.
4. प्लॉटचे मनातल्या मनात चौकोन पाडा, २० झाडांचा एक. निवड प्रत्येक चौकोनातून वेगळी करायची, म्हणजे चांगल्या मातीचा कोपरा सगळी बक्षिसं घेऊन जात नाही.

टेरेसवर १२ इंची बॅगेत एकच झाड. पाण्याच्या टाकीची सावली ज्या रांगेवर पडते ती रांग मागेच राहणार, तेव्हा फुलं येईपर्यंत दर आठवड्याला बॅगांची अदलाबदल करा. आणि भिजलेली माती भरलेली अशी एक बॅग सहज २० किलोच्या आसपास जाते, ५० बॅगा म्हणजे टनभर वजन. घणसोली-ऐरोलीच्या जुन्या बिल्डिंगांत सगळ्या एका जागी न ठेवता बीमच्या रेषेवर पसरून ठेवा, सोसायटीला विचारून ठेवा, नाहीतर ऐन फुलांच्या वेळी सेक्रेटरी बॅगा हलवायला लावतील आणि सगळी नोंद गेली.

किती झाडं लागतात? हवा तो गुण दोन जीन्सवर (आईबापाकडून येणाऱ्या गुणांच्या घटकांवर) असेल आणि दोन्हींची दबलेली प्रत आई आणि बाप दोघांकडून आली तरच दिसत असेल तर दुसऱ्या पिढीत १६ झाडांत सरासरी एक तसं निघतं. ते नक्की सापडावं (१०० पैकी ९५ वेळा) असं वाटत असेल तर ४७ झाडं हवीत. तीन जीन्स असतील तर १९० च्या वर. म्हणजे टेरेसवरच्या ५० बॅगा ही कमीत कमी पातळी आहे, दहा कुंड्यांत हे काम होत नाही, तिथे फक्त बी शुद्ध ठेवायचं काम करा.

## ४ : नोंद आणि झाडावरची निवड

प्रत्येक झाडाला नंबर. प्लास्टिकच्या पट्टीवर पेन्सिलने लिहा, मार्करची शाई आपल्या उन्हात उडते.

झाडामागे चारच गोष्टी: उगवल्याची तारीख, पहिलं फूल उमललं ती तारीख, पहिलं फूल कितव्या पानाच्या बगलेत आलं, आणि पहिल्या तीन-चार भेंड्यांचं वजन.

तिसरी नोंद लोक सोडून देतात आणि कामाची तीच. बियांची पहिली दोन गोल पानं सोडून मोजायला सुरू करा. लवकर येणाऱ्या झाडाला चौथ्या-पाचव्या पानाशी फूल येतं, उशिराच्याला आठव्याच्याही वर. दिवस हवामानाने हलतात, पानाचा नंबर त्या मानाने कमी हलतो. एक पाणी चुकलं म्हणून चार दिवस मागे पडलेलं चांगलं झाड या नोंदीमुळे वाचतं.

आता निवडीचा क्रम, हा उलटा करू नका:

1. हळद्या आलेली, किडमिडी झाडं नोंदवून उपटा. पांढरी माशी तो रोग पसरवते, ठेवलीत तर बाकीच्यांची परीक्षा बिघडते.
2. उरलेल्यांत प्रत्येक चौकोनातून सगळ्यात खालच्या पानाशी आणि लवकर फुललेली तीन-चार.
3. त्यांतून पेरं आखूड असलेली, दोन-तीन फांद्या फुटलेली, भेंडी सरळ आणि पाच शिरांची असलेली ठेवा.

१०० झाडांतून ८-१० उरली पाहिजेत. २५ उरत असतील तर तुम्ही मन मोठं करताय.

इथे एक गोष्ट पक्की समजून घ्या. लवकरपणा एकट्या झाडावर बऱ्यापैकी खरा दिसतो, उत्पन्न मात्र एका झाडावर कळत नाही, मातीचा, पाण्याचा, किडीचा हिस्सा त्यात फार असतो. म्हणून या टप्प्यावर ‘या झाडाला ३० भेंड्या लागल्या’ म्हणून नाचायचं नाही. उत्पन्न पुढच्या पिढीत ओळीवर मोजायचं.

सावधान: वीकेंडला जाणाऱ्यांसाठी. भेंडीचं फूल एकच दिवस टिकतं, तोडा एक दिवसाआड लागतो. शनिवार-रविवारच्या नोंदीतून लवकर-उशीर काही कळणार नाही. तिथे राखणीला जे काका-मामा असतील त्यांच्याकडे वही द्या, दोन रकाने आखून द्या, फुलाची तारीख आणि तोड्याचं वजन, आणि त्या कामाचे वेगळे पैसे द्या. फुकटात सांगितलं की सगळ्या तारखा रविवारी एकदम भरलेल्या मिळतात.

## ५ : क्रॉस कसा करायचा

हातमोजे घाला, भेंडीची लव खाजते. छोटी धारदार ब्लेड, चिमटा, बटर पेपरच्या पिशव्या, रंगीत लोकर, थोडं स्पिरिट.

संध्याकाळी ४ ते ६

1. मादी झाडावर उद्या उमलणारी कळी शोधा. ती फुगलेली असते आणि पिवळसर पाकळ्यांचं टोक बाहेर डोकावतं. पूर्ण हिरवी, बंद कळी घेऊ नका, आणि अर्धवट उघडलेली तर नाहीच.
2. कळीच्या बुडापासून साधारण एक सेंटिमीटर वर ब्लेडने गोल हलका छेद द्या आणि वरचं हिरवं आवरण पाकळ्यांसकट टोपीसारखं ओढून काढा. छेद खोल गेला तर आतली बारीक भेंडी कापली जाते, दोन दिवसांनी गळते.
3. मध्ये जी नळी दिसते तिच्यावर चहूबाजूंनी परागाच्या पिवळसर गाठी असतात, त्या चिमट्याने किंवा ब्लेडच्या पाठीने खरवडून सगळ्या काढा. वरचं गडद लाल टोक, ते मादीचं तोंड, त्याला धक्का नको.
4. पिशवी घाला, तोंड बांधा.
5. नर झाडावरच्या उद्याच्या कळीवर पण आत्ताच पिशवी घाला. हे हमखास विसरतात, मग सकाळी माशी आधीच येऊन दुसऱ्याचे पराग तिथे सांडून गेलेली असते.

सकाळी ८ ते १०

6. नर फूल तोडा, पाकळ्या मागे करा, परागाची नळी मादीच्या लाल टोकावर सगळीकडून फिरवा. पराग चिकटलेले डोळ्यांना दिसले पाहिजेत.
7. पुन्हा पिशवी. लोकर बांधा, चिठ्ठीवर मादी × नर आणि तारीख. मादीचं नाव नेहमी आधी.
8. तीन दिवसांनी पिशवी काढा, नाहीतर भेंडी आत वाकडी होते.

प्रत्येक नवीन नराआधी चिमटा स्पिरिटने पुसा. सगळे क्रॉस धरत नाहीत, तेव्हा हवे त्याच्या दुप्पट करा. दहा-बारा धरले तरी पुष्कळ, एका शेंगेत ४०-५० बिया असतात.

टोमॅटो आणि वांग्याला आवरण कापायचं नाही, कळी उमलायच्या आदल्या दिवशी चिमट्याने परागाचा पिवळा सुळकाच उपसायचा. काकडी-कारल्याला नर-मादी फुलं वेगळी, तिथे काही कापायचं नाही, फक्त आदल्या संध्याकाळी दोघांची तोंडं क्लिपने बंद करायची आणि सकाळी नराचे पराग मादीला लावून ती पुन्हा बंद करायची.

तपासा: क्रॉस खरा झाला का हे कळायला नवशिक्याने मादी हिरवी आणि नर लाल भेंडीचा घ्यावा (काशी लालिमा हे लाल वाण आहे). पुढच्या पिढीत ज्या रोपांच्या देठात लाल छटा दिसेल तो खरा क्रॉस, हिरवीगार राहिली ती मादीने स्वतःच्याच परागावर धरलेली, काढून टाका. लाल रंग नको असेल तर पुढे निवडीत निघून जातो.

## ६ : निवडलेल्या झाडाचं बी बंद ठेवणं

निवडलेल्या झाडाच्या पहिल्या तीन-चार भेंड्या कोवळ्या तोडा, वजन लिहा. त्यानंतरच्या पाच-सहा फुलांना बियाण्यासाठी धरा. आदल्या संध्याकाळी कळीच्या टोकाला सुती दोरा सैल बांधा, म्हणजे फूल उमलतच नाही आणि आतल्या आत स्वतःच्या परागावर फळतं. दुसऱ्या संध्याकाळी दोरा सोडला तरी चालतो, पण देठाला रंगीत लोकर हवीच, नाहीतर घरातलंच कोणी तरी ती भेंडी भाजीला तोडून नेतं.

शेंगा बियाण्याला धरल्या की झाड नवीन भेंडी कमी करतं, त्यामुळे यानंतरचं वजन लिहू नका.

शेंग तपकिरी होऊन शिरांवर तडकायला लागली की काढा, फुलापासून साधारण ३५-४० दिवस. पाच दिवस सावलीत वाळवा, मग कोवळ्या उन्हात. दाताखाली बी कट्कन फुटलं पाहिजे, चपटं झालं तर अजून ओलं. मे संपायच्या आत हवाबंद डब्यात सिलिका जेलसकट टाका, जूनची दमट हवा लागली की वाळवण्याची सगळी मेहनत गेली.

आणि आता जे कोणी करत नाही ते: प्रत्येक झाडाच्या बियांचे दोन भाग करा. एक पुडी जूनच्या परीक्षेला, एक फ्रिजमध्ये. सगळं बी एकत्र ओतलंत तर पुढचा टप्पाच करता येणार नाही.

## ७ : पिढ्या कशा न्यायच्या

क्रॉस उन्हाळ्यात. पहिली पिढी ऑक्टोबरमध्ये, पाच-सहा झाडं पुरतात, सगळी सारखीच असतात, तिथे निवड करत बसू नका. ती भारी दिसतील, त्याने हुरळून पण जाऊ नका. दुसरी पिढी फेब्रुवारीत, हीच मोठी लावायची आणि इथेच टप्पा ४ ची निवड.

जूनमध्ये प्रत्येक निवडलेल्या झाडाची एक ओळ, १२-१५ झाडांची. या ओळीतून बी धरायचं नाही, सगळी भेंडी कोवळी तोडून वजन करायचं. सप्टेंबरला कळतं की ८-१० ओळींतल्या दोन-तीनच खऱ्या आहेत. मग फ्रिजमधून त्या दोन-तीनच्याच पुड्या काढा, ऑक्टोबर किंवा फेब्रुवारीत लावा, त्यांत पुन्हा लवकरची झाडं निवडा, पुन्हा कळ्या बांधा. उत्पन्न पण मोजलं गेलं आणि बी पण पावसात सडलं नाही.

गुण स्थिर व्हायला वेळ लागतो. दर पिढीला फुटणारा भाग निम्मा होतो: दुसऱ्या पिढीत ५० टक्के स्थिर, तिसऱ्यात ७५, चौथ्यात ८७.५, पाचव्यात जवळपास ९४. सहाव्या पिढीपर्यंत कळ्या बांधायच्या, ‘आता सारखं दिसतंय’ म्हणून तिसऱ्यात सोडायचं नाही. भेंडीला असं बंद ठेवल्याने जोम फारसा कमी होत नाही, कांद्या-गाजराला मात्र हे चालत नाही.

नंबर असे ठेवा: झाड ७, त्याच्या ओळीतलं झाड ३, म्हणजे ७-३. नावं वगैरे नंतर.

## ८ : शेवटची ट्रायल

शेवटच्या दोन-तीन लाइन, शेजारी तुमचं जुनं वाण आणि बाजारातलं एक चांगलं संकरित. प्रत्येकाच्या तीन ओळी, वेगवेगळ्या ठिकाणी, चिठ्ठ्या टाकून जागा ठरवा. ओळीच्या दोन्ही टोकांची झाडं सोडून मधली १० मोजा. एक उन्हाळा आणि एक पावसाळा, दोन्ही.

संकरितापेक्षा एकूण वजनात तुमची लाइन थोडी मागे राहिली तरी फेकू नका, पहिल्या पाच तोड्यांत ती पुढे असेल आणि बी घरचं असेल तर हिशोब वेगळा होतो. पण स्वतःच्या जुन्या वाणापेक्षा दोन्ही हंगामांत दोन्ही आकड्यांत पुढे नसेल तर ती भाजीला वापरा आणि फ्रिजमधली दुसरी पुडी काढा.

बी वाढवताना दुसऱ्या भेंडीपासून अंतर हवं, प्रमाणित बियाण्याला नियम २०० मीटरचा आहे. टेरेसवर ते शक्य नाही, तिथे कळ्या बांधूनच बी वाढवायचं.

वाटणं-विकणं: २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःच्या पिकाचं बी ठेवता, पेरता, देता आणि विकता येतं, संरक्षित (या कायद्याखाली नोंदवलेलं) वाण असलं तरी. मात्र ब्रँड लावलेलं, पॅक करून लेबल मारलेलं संरक्षित वाणाचं बी विकता येत नाही. संरक्षित वाण क्रॉसला पालक म्हणून वापरायला हरकत नाही. पुडीवर लाइनचा नंबर, पिढी आणि बी काढल्याचा महिना एवढं लिहूनच द्या, आणि पिढी सहावीच्या आधीची असेल तर घेणाऱ्याला तोंडाने पण सांगा की यात अजून झाडं वेगवेगळी निघतील.